प्लेगची लस व कोशिकीय प्रतिरक्षा

प्लेगची लस व कोशिकीय प्रतिरक्षा : मुंबईत १८९७ साली तयार झालेली प्लेग-प्रतिबंधक लस आणि तिच्या गुणाचा शरीरातील कोशिकांच्या कार्यावरून पुढे लागलेला उलगडा, असा हा दुहेरी इतिहास आहे. लस आधी आली. ती कोणत्या कोशिकांकरवी संरक्षण देते, हे समजण्यास पाऊण शतक जावे लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. जांघेत वा काखेत गाठ येऊन तीव्र ताप चढे व पुष्कळ रोगी थोड्याच दिवसांत दगावत. सरकारने पाचारण केल्यावरून वॉल्डेमार हाफकीन मुंबईत आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी काम आरंभिले. हाफकीन हे वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. व हे न्यून त्यांचे टीकाकार वारंवार दाखवीत. परंतु ओडेसा येथे ते ज्यांचे विद्यार्थी होते त्या इल्या मेचनिकॉव्ह यांनीच प्रतिरक्षेचा कोशिकीय सिद्धांत मांडला होता. १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसीना येथे मेचनिकॉव्ह यांनी तारामीनाच्या पारदर्शक डिंभात काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती चल कोशिकांचा गराडा पडलेला दिसला. शरीरात शिरलेले परके कण गिळणाऱ्या या कोशिकांना भक्षिकोशिका हे नाव मिळाले.

हा सिद्धांत सर्वमान्य मात्र झाला नाही. १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी दाखविले की, धनुर्वाताचे विष पचविलेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्याला टोचल्यास त्यालाही संरक्षण मिळते. रक्तरसात तर कोशिका नसतात. तेव्हा रोगप्रतिकार कोशिका करतात की रक्तातील विद्राव्य द्रव्ये, यावर दोन पक्ष पडले व वाद विकोपास गेला.

मुंबईत या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहण्यास सवड नव्हती. हाफकीन यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्यांना लोंबकळत जंतूंची विपुल वाढ होई. ती ७०° से. तापमानात तासभर तापवून जंतू मारले जात. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला, पण कोणीही दगावले नाही. न घेतलेल्यांपैकी बाराजणांना झाला व सहाजण मृत्यू पावले. लोकांचा अविश्वास तरीही ओसरला नाही, आणि तो निष्कारण होता असेही म्हणता येत नाही. प्लेगच्या नावाखाली घरे झडतीस घेतली जात व रोग्यांना बळाने हलविले जात असे. पुण्यात त्याची परिणती जून १८९७ मध्ये रँड यांच्या वधात झाली. त्याच सरकारची सुई दंडात घेण्यास लोक कचरत. तिसरे आगाखान यांनी उघडपणे लस टोचून घेतल्यामुळे त्यांचे अनुयायी पुढे आले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेगची प्रयोगशाळा गेली. तिलाच १९२५ मध्ये हाफकीन संस्था हे नाव मिळाले.

वादाच्या समेटाचा धागाही याच साथीशी जुळतो. १८९८ मध्ये नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाचे एक सदस्य ॲल्म्रॉथ राइट होते. १९०३ मध्ये त्यांनी व स्टुअर्ट डग्लस यांनी दाखविले की, रक्तरसातील काही द्रव्ये जंतूंना चिकटली म्हणजे भक्षिकोशिका त्यांना अधिक सहजपणे गिळतात. या द्रव्यांना त्यांनी ‘ऑप्सोनीन’ म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोंडीलावणे असा आहे. म्हणजे दोन्ही पक्षांचे म्हणणे अंशतः खरे होते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तरसवादी पाउल एर्लिक यांना विभागून देण्यात आले.

प्लेगच्या बाबतीत या जोडकार्याचे महत्त्व विशेष आहे. पिसवाच्या शरीरातील कमी तापमानात वाढलेल्या जंतूवर संपुट नसते. चावल्यानंतर त्वचेत आलेले असे पुष्कळ जंतू भक्षिकोशिका मारतात. परंतु महाभक्षी कोशिकांनी गिळलेले काही जंतू आत जिवंत राहतात, शरीराच्या उष्णतेने तेथेच संपुट धारण करतात व बाहेर पडतात. मग त्यांना गिळणे अवघड होते. शिवाय हे जंतू भक्षिकोशिकेला चिकटून तिच्यात काही प्रथिने घुसवितात व तिची गिळण्याची क्रियाच बंद पाडतात. जांघेतील गाठ म्हणजे या झुंजीत सुजलेली लसीका ग्रंथीच होय. संपुटाविरुद्धचे प्रतिपिंड रक्तात आधीच तयार असले, तर जंतू त्यांनी वेढले जाऊन भक्षिकोशिकांच्या तावडीत सापडतात.

हे प्रतिपिंड येतात कोठून, हे कोडे हाफकीन यांच्या हयातीत (मृत्यू १९३०) सुटले नाही. १९४८ मध्ये आस्ट्रिड फाग्रेउस यांनी प्रतिपिंडांची निर्मिती प्लाविका कोशिकांत होते हे दाखविले. १९५७ मध्ये मॅक्‌फार्लेन बर्नेट यांनी असे प्रतिपादन केले की, प्रत्येक लसीका कोशिका जन्मतःच एका विशिष्ट प्रतिजनासाठी घडलेली असते व तो भेटला म्हणजे तीच विभागून तिची संतती वाढते. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी यौवनलोपी ग्रंथीचे कार्य उघडकीस आणले. त्यानंतरच्या दशकात लसीका कोशिकांचे बी व टी असे दोन वर्ग निश्चित झाले : बी कोशिकांपासून प्लाविका कोशिका बनतात, टी कोशिकांपैकी काही बी व भक्षिकोशिकांना साहाय्य करतात, तर काही रोगग्रस्त कोशिकांचा नाश करतात. वाढलेल्या संततीपैकी थोड्या कोशिका दीर्घकाळ टिकून राहतात. मृत जंतू टोचल्याने पुढील संसर्गाला त्वरेने तोंड देता येते ते या स्मृतिकोशिकांमुळे. संख्येने त्या कालांतराने घटत असल्याने आणि मृत जंतूंपासून टी कोशिकांना मिळणारी चेतना तोकडी असल्याने प्लेगची लस पुनःपुन्हा घ्यावी लागे. श्वासावाटे जडणाऱ्या फुप्फुसीय प्लेगविरुद्ध तिचा भरवसा नव्हता. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे प्लेगचे रोगी आढळले, तेव्हा उपचाराची मुख्य भिस्त टेट्रासायक्लीनसारख्या प्रतिजैविकांवर होती.