हकीम अलींचा प्रश्न

२०२० चा रमजान आपल्याकडे एप्रिलच्या शेवटी सुरू झाला. मशिदी बंद, तरावीह घरात. त्याच दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी मला व्हॉट्सअॅपवर एक बातमी पाठवली. फ्रान्समधल्या डॉक्टरांचं म्हणणं, सिगारेट ओढणाऱ्यांना कोरोना कमी होतो. खाली चाचांनी लिहिलं होतं, "देख बेटा, मैं बोलता था ना?" चाचा पन्नास वर्षं बिडी ओढत होते. रोजा असला की दिवसभर हात लावायचे नाहीत, पण इफ्तारला खजूर तोंडात गेला न गेला की गल्लीत जाऊन पेटवायचे.

बातमी अगदीच खोटी नव्हती. पॅरिसच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखल रुग्णांमध्ये धूम्रपान करणारे अपेक्षेपेक्षा कमी दिसले, आणि निकोटीनमुळे विषाणूला अडथळा होत असेल का, असा तर्क त्यांनी मांडला होता. लोक निकोटीनच्या पट्ट्यांवर इतके तुटून पडतील अशी भीती निर्माण झाली की फ्रेंच सरकारला त्यांच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली.

मला मात्र ती बातमी वाचून अकबराचा दरबार आठवला.

असद बेग हा अकबराचा दूत. शहजादा दानियालच्या लग्नासाठी विजापूरची शहजादी आणायची होती, त्या कामी तो इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्याकडे गेला होता. विजापुरात त्याला तंबाखू दिसली. पोर्तुगीजांनी आणलेलं हे पान गोव्यामार्गे दख्खनमध्ये रुळायला लागलं होतं, उत्तरेत मात्र ते नवं होतं. असद बेगनं थोडी तंबाखू बरोबर घेतली, रत्नजडित नळी, सोन्याची चिलीम आणि तोंडाशी धरायला येमेनचा अकीक अशी शाही जुळवाजुळव केली, आणि १६०४ च्या सुमारास चांदीच्या तबकात सगळं बादशाहापुढे ठेवलं. म्हणजे मुघलांच्या हुक्क्याचं श्रेय किंवा अपश्रेय काही अंशी आपल्या दख्खनला जातं.

अकबरानं दोन-तीन झुरके घेतले. त्याचे हकीम, अली गिलानी, अस्वस्थ झाले. त्यांनी अडवलं. वाद झाला तो असद बेगनं स्वतःच लिहून ठेवलाय. हकीमसाहेबांचा मुद्दा असा, की ही वस्तू आपल्या वैद्यकाच्या कुठल्याच ग्रंथात नाही, आणि फिरंगी वापरतात एवढ्यावर, पारख न करता, बादशाहांना कशी देऊ? असद बेगचं उत्तर बिनतोड वाटतं: प्रत्येक रिवाज कधीतरी नवाच होता. अकबरालाही ते पटलं. पाद्र्यालाही विचारलं, त्यानं तंबाखूचे गुणच गायले. हकीम शेवटपर्यंत हलले नाहीत. बादशाहानं सवय लावून घेतली नाही, पण अमीरांनी घेतली, मग व्यापारी आले आणि थोड्याच काळात ती सगळीकडे मिळू लागली. १६१७ मध्ये जहांगीरनं बंदी घातली. ती कुणी पाळली नाही.

या कथेत आपण सहसा असद बेगच्या बाजूला असतो. तो आधुनिक, हकीम जुनाट. मीही कॉलेजात असंच समजत होतो. आता वाटतं, त्या दरबारात वैज्ञानिक प्रश्न एकट्या हकीमसाहेबांनीच विचारला होता: हे तपासलंय कुणी?

उस्मानी राज्यात हाच वाद वेगळ्या वळणानं गेला. मुराद चौथ्यानं १६३३ मध्ये तंबाखूवर बंदी घालून लोकांना मृत्युदंड दिले. उलेमांमध्ये दोन तट पडले. इजिप्तचे इब्राहिम अल-लक्कानी विरोधात, तर दमास्कसचे अब्दुल गनी अन-नाबुलुसी यांनी ती जायज असल्याबद्दल सबंध पुस्तक लिहिलं. कुराणात नाव नाही, नशा दारूसारखी नाही, मग हराम कशी? अपाय सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी. म्हणजे फिक्हचा वादही फिरून हकीमसाहेबांच्याच प्रश्नापाशी येऊन थांबला होता.

उलट धूर रोगाला मारतो ही समजूत मात्र न तपासताच पक्की होत गेली. १६६५ च्या लंडनच्या प्लेगमध्ये तंबाखू हे संरक्षण मानलं जाई. ईटनच्या शाळेत मुलांना ती ओढायला लावत आणि न ओढणाऱ्याला फटके बसत, अशी आठवण नंतर नोंदवली गेली. १९१८ च्या फ्लूत ब्रिटनमधल्या काही कारखान्यांनी धूम्रपानबंदीचे नियम सैल केले, धुरानं जंतू मरतील म्हणून.

हकीमसाहेबांच्या प्रश्नाला आकड्यांत मिळालेल्या पहिल्या चांगल्या उत्तरांपैकी एक १९८२ साली छापून आलं, तेही इस्रायली सैन्याच्या एका तुकडीतून. (आमच्या काही वाचकांना हे आवडणार नाही, पण आकड्यांना पासपोर्ट नसतो.) ३३६ निरोगी तरुण, एकाच वयाचे, एकाच जागी राहणारे. तिथे एच१एन१ फ्लूची साथ आली. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६८.५ टक्के आजारी पडले, न ओढणाऱ्यांपैकी ४७.२ टक्के. अंथरुण धरण्याइतका किंवा काम बुडण्याइतका आजार ओढणाऱ्यांत ५०.६ टक्क्यांना झाला, इतरांत ३०.१ टक्क्यांना. हे म्हातारे, खोकणारे लोक नव्हते. काही वर्षांच्याच सवयीचा हा फरक.

कारण फार गूढ नाही. श्वासनलिकेच्या आत केसासारखे सूक्ष्म तंतू असतात. ते सतत हलत राहून कफ आणि त्यात अडकलेले जंतू वर ढकलत असतात. धूर त्यांना आधी मंद करतो, मग झडवतो. कफ वाढतो पण बाहेर पडत नाही, आणि फुप्फुसातल्या संरक्षक पेशींचं कामही बिघडतं. २०१२ मध्ये सौदीत मर्सचा विषाणू सापडला आणि हाजींची काळजी सुरू झाली. तो विषाणू ज्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत जास्त असतं, हे नंतर दिसून आलं.

फ्रान्सच्या त्या तर्काचं काय झालं? रुग्णालयात आधीच दाखल झालेल्यांची मोजणी करून साऱ्या लोकसंख्येबद्दल बोलण्यात चूक होण्याची बरीच शक्यता असते. धाप लागलेला माणूस आपल्या बिडीबद्दल काय सांगणार, आणि त्या गर्दीत कोण लिहून घेणार? सिगारेट ओढणाऱ्यांना कोरोनाचा धोका कमी असं सांगणारा मेक्सिकोच्या रुग्णांवरचा एक निबंध युरोपातल्या एका नामांकित नियतकालिकानं २०२१ मध्ये मागे घेतला, कारण दोन लेखकांनी तंबाखू उद्योगाशी असलेले संबंध सांगितले नव्हते. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास आला. धूम्रपान करणाऱ्यांना कोरोनानं रुग्णालयात जावं लागण्याची शक्यता न करणाऱ्यांच्या तुलनेत ८० टक्क्यांनी जास्त होती, आणि मृत्यूचा धोका दिवसाच्या सिगारेटींबरोबर वाढत गेला होता.

चाचा दुसऱ्या लाटेत अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. परत आले. एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे आणि मी त्यांना तसं म्हणालोही. गेल्या रमजानात इफ्तारनंतर ते गल्लीत गेले, खिसा चाचपला, आणि मला विचारलं, "वो हकीम का क्या नाम बताया था तूने?"