साष्टी बेट: भूगोल आणि इतिहास

मुंबई सात बेटांची बनली हे आपण शाळेत शिकतो. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि जुने ठाणे त्या सात बेटांत येत नाहीत. ती त्यांच्या उत्तरेला असलेल्या, कितीतरी मोठ्या साष्टी बेटावर वसलेली आहेत. इतके मोठे बेट विस्मरणात कसे गेले, हे या टिपणात पाहू.

१. स्थान व रचना
साष्टीच्या पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला माहीमची खाडी आहे. मधोमध बेसॉल्टचे डोंगर आहेत. तिथे आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सहासष्ट गावांवरून 'साष्टी' हे नाव पडले असे सांगितले जाते.

२. प्राचीन वारसा
याच डोंगरात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तिथला मोठा चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा आहे. लेणी इथेच का? वसईच्या खाडीपलीकडे सोपारा आणि उल्हास नदीवर कल्याण, अशी दोन बंदरे जवळ होती. कान्हेरीच्या शिलालेखांत या दोन्ही गावांच्या दात्यांचा उल्लेख येतो. भिक्षूंना एकांत मिळे आणि व्यापारी फार दूर नसत.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी इथली टाकी जरूर पाहावीत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी लेण्यांजवळच्या या टाक्यांत उतरते. पावसाळ्याचे चार महिने साठवून उरलेले आठ महिने काढायचे, असा हा हिशेब.

३. सत्तांतरे
१५३४ मध्ये बेट पोर्तुगीजांकडे गेले. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ते जिंकले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

४. बेट विस्मरणात गेले
१८०५ मध्ये शीवचा बांधरस्ता झाला, १८४५ मध्ये माहीमचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली रेल्वे साष्टीवरूनच ठाण्याला पोहोचली. पुढे दक्षिणेकडच्या खाजणांत भराव पडत गेला, आणि खाडी ओलांडतो आहोत हे प्रवाशाला जाणवेनासे झाले.

पाण्याची वाट मात्र बदलली नाही. विहार आणि पवई तलावांकडून येणारी मिठी नदी आजही माहीमच्या खाडीतच उतरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात भरतीही आली आणि मिठीकाठची वस्ती बुडाली. पाऊस असाधारण होताच; पण नदीचे पात्र आवळले गेले होते आणि पाणी पसरायच्या जागाही भरावाखाली गेल्या होत्या. म्हणून साष्टीचा जुना नकाशा शहर नियोजनासाठीही वाचावा लागतो.

स्वाध्याय: आपल्या गावाचा किंवा शहराचा जुना नकाशा मिळवा. त्यातले ओढे, तळी आणि खाजणे आजच्या नकाशावर शोधा. जिथे ती दिसत नाहीत, तिथे आज काय उभे आहे ते लिहा.