पन्हाळी पत्रा : छपराच्या निवडीमागचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास

१/ ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगरपासून मंडणगड-दापोलीपर्यंत कौले फुटली, पत्रे उडाले. मृग नक्षत्र चार दिवसांवर आले होते. उघड्या पडलेल्या घरांसमोर एकच प्रश्न होता : आता वर काय घालायचे? कौल की पत्रा? आणि पत्रा, तर कोणता?

२/ दुकानात या प्रश्नाचे उत्तर जाडी, रंग आणि दर या तीन शब्दांत मिळते. इतिहासात मात्र ते वेगळ्या क्रमाने मिळाले : आधी आकार, मग लेप, मग उष्मा आणि सर्वांत शेवटी खिळा. यातला प्रत्येक धडा कोणाच्या तरी नुकसानीतून शिकला गेला. त्या धड्यांची ही कथा.

३/ पहिला धडा आकाराचा. हेन्री रॉबिन्सन पामर हा लंडनच्या गोदीचा अभियंता. गोदीत मालासाठी मोठाल्या शेड लागत. लाकडी कैच्यांवरचे जड छप्पर महाग पडे आणि जागाही अडवी. १८२९ मध्ये पामरने लोखंडी पत्र्याला लाटांसारख्या घड्या घालण्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा हाताने वाकतो. पन्हळी पडल्या की तोच पत्रा लांबीच्या दिशेने ताठ उभा राहतो.

४/ यामागचे तत्त्व साधे आहे. साधा कागद दोन पुस्तकांच्या मध्ये आडवा ठेवला तर तो खाली लोंबतो. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घातल्या तर तो पेन्सिलीचे वजनही पेलतो. धातू तेवढाच राहतो, पण मध्यरेषेपासून दूर गेल्यामुळे वाकण्याला विरोध करतो. म्हणूनच पत्रा निवडताना नुसती जाडी पाहून भागत नाही. पन्हळीची खोलीही तितकीच महत्त्वाची ठरते.

५/ पामरच्या छपराला वासे थोडे लागत आणि ते उभेही पटकन राही. त्यात एकच खोट होती : लोखंड गंजते. पहिल्या पत्र्यांना रंग आणि डांबर फासत. लेपाला कुठे चीर गेली की पाणी आत शिरे आणि पातळ पत्र्याची चाळण होई. आकाराने छपराला बळ दिले होते, पण आयुष्य दिले नव्हते.

६/ दुसरा धडा लेपाचा, आणि त्याची सुरुवात जहाजांपासून होते. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी दाखवून दिले की जहाजाच्या तळाच्या तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर समुद्राचे पाणी त्या तुकड्याला खाते आणि तांबे वाचते. दोन धातू एकत्र आले की त्यांतला अधिक क्रियाशील धातू आधी झिजतो. तो दुसऱ्यासाठी स्वतःला खर्ची घालतो.

७/ १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी स्वच्छ केलेले लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचे पेटंट घेतले. असे बुडवण्याची कल्पना १७४२ मध्येच मालुआँ यांनी फ्रेंच अकादमीपुढे मांडली होती. सोरेल यांनी तिचा धंदा करता येईल अशी रीत बसवली. गाल्वानी यांच्या नावावरून या प्रक्रियेला ‘गॅल्व्हनायझिंग’ हे नाव पडले.

८/ या लेपाला लागणाऱ्या जस्ताचा इतिहास भारतात येऊन पोहोचतो. खनिजातून जस्त सुटते तेव्हा ते वायुरूप असते आणि हवा लागताच जळून जाते. म्हणून ते ऊर्ध्वपातनानेच गोळा करावे लागते. उदयपूरजवळच्या जावर येथे हे काम मातीच्या मुशींमधून मध्ययुगापासून मोठ्या प्रमाणावर चालत असे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने तशा प्रक्रियेचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये.

९/ जस्ताचा लेप रंगासारखा नुसता पांघरूण नसतो. पत्र्यावर ओरखडा उमटला तरी भोवतीचे जस्त आधी झिजते आणि उघडे पडलेले लोखंड काही काळ वाचते. याचा अर्थ असा की पत्र्याचे आयुष्य म्हणजे त्यावरच्या जस्ताचे आयुष्य. भारतीय मानकात ‘२७५’ हा आकडा दर चौरस मीटरला दोन्ही बाजूंचे मिळून २७५ ग्रॅम जस्त दाखवतो. म्हणजे एका बाजूला जेमतेम १९ मायक्रॉन. ‘१२०’च्या पत्र्यावर हे प्रमाण निम्म्याहूनही कमी असते.

१०/ दोन पत्रे दिसायला सारखे असतात, जाडीही सारखी असते आणि दरात थोडाच फरक असतो. पण एकावर दुसऱ्याच्या दुप्पट जस्त असू शकते. खाऱ्या वाऱ्यात जस्त लवकर झिजते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या घराने ‘गेज किती’ याच्या बरोबरीने ‘लेप किती ग्रॅमचा’ हेही विचारायला हवे. दुसरा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

११/ तिसरा धडा उष्म्याचा. १८४९ नंतर कॅलिफोर्नियात आणि १८५१ नंतर ऑस्ट्रेलियात सोने सापडल्याच्या बातमीने माणसांचे लोंढे लोटले. त्यांच्यासाठी ब्रिटनमधून लोखंडी घरे सुटी करून जहाजाने रवाना झाली. १८५७ मध्ये ब्रिस्टलला जॉन लायसॅट यांनी कारखाना काढला. त्यांचे पत्रे पुढे ऑस्ट्रेलियाभर पसरले. नव्या घरमालकांना लवकरच कळले की दुपारी ही घरे भट्टीसारखी तापतात.

१२/ याचे कारण पातळ धातू. कौलात माती असते. ती हळू तापते, आणि कौलांच्या फटींतून हवा खेळते. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढे ‘मंगलोरी’ कौल कोकणात, गोव्यात घरोघरी पोहोचले, त्याला हा गारवाही कारण होता. पत्रा मात्र ऊन पडताच तापतो आणि ती धग थेट खालच्या माणसावर सोडतो.

१३/ उपाय पत्र्यात नव्हता, त्याच्या खाली होता. लाकडी तक्तपोशी, तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये खेळती हवा, आढ्याजवळ झरोके, भोवती रुंद पडवी : गरम मुलुखातली पत्र्याची चांगली घरे अशी बांधली गेली. फिकट रंगाचा पत्रा ऊन परतवतो, हेही खरे. पण खाली काहीच न घालता पत्रा टाकला, तर विदर्भातल्या मे महिन्यात कोणताही पत्रा सुखाचा ठरत नाही.

१४/ विसाव्या शतकाने लेप बदलला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या बेथलेहेम स्टीलने सुमारे ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन अशा मिश्रणाचा पत्रा बाजारात आणला. हाच ‘गॅल्व्हॅल्युम’. उघड्या पावसात हा लेप साध्या जस्तापेक्षा बराच अधिक टिकतो. पण ओले सिमेंट आणि गोठ्यातला अमोनिया त्याला सोसत नाही. शिवाय कापलेल्या कडेचे रक्षण जस्त अधिक चांगले करते.

१५/ संपूर्ण ॲल्युमिनियमचा पत्रा तांबडा गंज धरत नाही आणि वजनालाही हलका असतो. मात्र तो लवकर चेपतो आणि दमट हवेत लोखंडाला वा तांब्याला थेट टेकला की झिजू लागतो. डेव्ही यांनी सांगितलेला नियम इथे उलटा फिरतो : या जोडीत बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. म्हणून त्याचे स्क्रूही त्याला मानवतील असेच लागतात.

१६/ चौथा धडा सर्वांत महागात पडला. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ‘ट्रेसी’ चक्रीवादळ ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरावर आले. ताशी २१७ किलोमीटरची नोंद करून वाऱ्याचे यंत्रच बंद पडले. शहरातली बहुसंख्य घरे उद्ध्वस्त झाली. त्यांतल्या कित्येकांवर धातूचीच छपरे होती.

१७/ अभियंता जॉर्ज वॉकर यांनी अवशेष तपासले. छपराला वारा दाबत नाही, वर ओढतो. ही ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याशी सर्वाधिक असते. झुळकीगणिक पत्रा उचलला जाई आणि परत बसे. हजारो वेळा वाकल्यावर स्क्रूभोवती बारीक चिरा पडत गेल्या. अखेर स्क्रू वाशातच राहिला आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून निसटून गेला.

१८/ त्यापूर्वी पत्र्याची चाचणी एकदाच वजन ठेवून होत असे. वारंवारच्या हेलकाव्यांचा विचार तीत नव्हता. ‘ट्रेसी’नंतर नियम बदलले. स्क्रूखाली मोठे वॉशर, कडेला आणि कोपऱ्यात दाट स्क्रू, आणि छपरापासून पायापर्यंत अखंड बांधलेली साखळी : पत्रा वाशाला, वासा भिंतीला, भिंत जोत्याला. साखळी तुटते ती सर्वांत कमजोर कडीपाशी.

१९/ आता कोकणातल्या त्या घराकडे परत येता येते. किनाऱ्यालगत जाड लेपाचा रंगीत पत्रा किंवा ॲल्युमिनियम. गोठ्यावर गॅल्व्हॅल्युम टाळावा. राहत्या खोलीवर फिकट रंग आणि खाली तक्तपोशी. भोके पाडल्यावर लोखंडाचा कीस झाडून टाकावा, नाहीतर तोच आधी गंजतो. आणि पत्र्याचे पैसे वाचवायचे झाले, तर ते स्क्रू-वॉशरमधून वाचवू नयेत.

२०/ पामरने लोखंडाला बळ दिले, सोरेलने आयुष्य दिले, उन्हाने त्याच्याखाली तक्तपोशी घालायला लावली आणि डार्विनने त्याला घट्ट धरून ठेवायला शिकवले. यातला एक जरी धडा विसरला, तरी बाकीचे तीन एका पावसाळ्यात वाया जाऊ शकतात. छप्पर निवडणे म्हणजे या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी देणे.

(समाप्त)