विज्ञान दिनाला खोडदला जाताय? मोबाईल बंद ठेवावा लागेल, पण का?

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ मध्ये याच तारखेला सी. व्ही. रामन यांनी ‘रामन परिणाम’ जाहीर केला, १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. बऱ्याच शाळांत तो फोटोला हार, दोन भाषणं आणि खायच्या सोड्याचा ज्वालामुखी एवढ्यावरच उरकतो. नारायणगावजवळच्या खोडदला मात्र वेगळं चित्र दिसतं.

खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. विज्ञान दिनाच्या सुमारास ती सगळ्यांना बघायला खुली करतात. शाळा-कॉलेजची मुलं आपापले प्रकल्प मांडतात आणि दुर्बिणीवर काम करणाऱ्यांनाच थेट प्रश्न विचारता येतात. माझ्या मते खरी मजा यातच आहे.

आता मोबाईलचं बघू. जीएमआरटी साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या लहरी ऐकते. आपल्या फोनचे ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे बँड नेमके याच पट्ट्यात येतात. आकाशातून येणारे सिग्नल इतके क्षीण असतात, की चंद्रावर एखादा साधा टूजी फोन चालू करून ठेवला तर तोसुद्धा रेडिओ आकाशातल्या ठळक स्रोतांमध्ये गणला जाईल. मग तबकडीखाली उभं राहून रील टाकली तर काय होईल, विचार करा!

‘फ्लाइट मोड चालेल ना?’ नाही. त्यात टॉवरशी बोलणं थांबतं, पण आतला प्रोसेसर चालूच राहतो आणि त्याचाही थोडा रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. म्हणून फोन पूर्ण बंद.

इस्लापूरहून खोडद म्हणजे रात्रभराचा प्रवास, त्यामुळे निघण्याआधी जीएमआरटीच्या वेबसाइटवर त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या. आपल्याला त्यापेक्षा बरंच जवळ आहे हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ. तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. तिची पायाभरणी २०२३ मध्ये ११ मे रोजी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी झाली. तिच्या ४ किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक मोजायचा असतो. इथे मुख्य अडचण जमिनीच्या कंपनांची: ट्रक, रेल्वे, अगदी वाराही.

ही अडचण तुमच्या फोनवरही बघता येते. आखन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे ॲप मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. त्यात ॲक्सिलरोमीटर निवडा, फोन फरशीवर सपाट ठेवा आणि शेजारी पाय आपटा. आलेखात लगेच उसळी दिसेल. मग एकेक पाऊल लांब जात तेवढ्याच जोराने पाय आपटा. किती पावलांवर उसळी दिसेनाशी होते ते लिहून ठेवा. हेच मातीवर आणि डांबरी रस्त्याकडेला करून तिन्ही आकडे एका तक्त्यात मांडले, की पुढच्या विज्ञान दिनाचा प्रकल्प तयार.