गुडघा, हौदा आणि वॉर्म-अप

१/ घोड आणि भीमेच्या काठचे शिरूर, दौंड हे तालुके जत्रांचे आणि कुस्तीच्या फडांचे. तालमीतला दिवस मात्र थेट कुस्तीने सुरू होत नाही. आधी हौद्यातील माती फावड्याने उकरायची, मग जोर-बैठका आणि त्यानंतरच लढत, असा हा क्रम.

२/ माती मऊ व्हावी, हा उकरण्याचा उघड हेतू. परंतु त्याच श्रमात मांड्या, कंबर आणि खांदे तापतात. आजच्या भाषेत हाच वॉर्म-अप.

३/ प्रयोगशाळेत याचा अभ्यास १९४५ साली डेन्मार्कमध्ये एर्लिंग आसमुसेन आणि ओवे बोये यांनी केला. स्नायू तापलेले असतील तर थोड्या वेळात करायचे जोरकस काम अधिक चांगले होते, असे त्यांना आढळले.

४/ गुडघ्यात नेमके काय घडते? सांध्यातील वंगणासारखा द्रव उष्णतेने पातळ होतो आणि हालचाल सुकर होते. मांडीचे तापलेले स्नायू लवकर आकुंचन पावतात आणि सांध्याला वेळेवर आधार देतात.

५/ पण केवळ ऊब पुरेशी नाही. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, पुष्कळदा कोणाचा धक्का न लागताच तुटतो. उडीनंतर पाय टेकताना किंवा एकाएकी वळताना. कबड्डीतील चढाई करणाऱ्याची हुलकावणी आणि खो-खोतील खांबाजवळचे वळण हे असेच क्षण.

६/ स्वीडनमध्ये २००९ च्या फुटबॉल हंगामात १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ मुलींवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांतील एका गटाने आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांचा विशेष वॉर्म-अप केला. त्यात एका पायावरची बैठक, तोल आणि उडीनंतर गुडघा आत न झुकवता टेकण्याचा सराव होता. या गटात एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी आढळल्या.

७/ गुडघ्याची किंमत महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांची पुढच्या ऑलिंपिकची वाट गुडघ्याच्या दुखापतीनेच अडवली. वॉर्म-अपने प्रत्येक दुखापत टळते असे नाही. पण एक सांधा निकामी झाला की वर्षांची मेहनत थांबते.

८/ म्हणून तालमीचा जुना क्रम आजही मोलाचा आहे, मात्र त्यात भर हवी. सामन्याच्या तोंडावर शेकडो बैठका मारल्या तर पाय थकतात. हलके धावणे, मोजक्या बैठका आणि उडी-वळणाचा सराव यांना मिळून पंधरा मिनिटे पुरतात. शिरूर-दौंडच्या शाळांच्या मैदानांवर त्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही.