नाडीविना वाहणारं रक्त

मनगटावर बोटं ठेवून जीव आहे की गेला ते पाहायची आपली रीत. २०११ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ती निरुपयोगी ठरली. बिली कोन आणि बड फ्रेझियर या शल्यविशारदांनी क्रेग लुईस यांचं हृदय काढून अखंड फिरणारे दोन पंप बसवले. नाडी लागत नव्हती, आणि लुईस बोलत होते! महिन्याहून अधिक ते जगले.

मी डॉक्टर नाही. जुन्या यंत्रांच्या नादापायी इथवर आलो. फ्रेझियरांनीच १९८८मध्ये प्रथम वापरलेला ‘हेमोपंप’ रिचर्ड वॅम्पलर यांना इजिप्तमध्ये पाणी उपसणारे स्क्रू पाहून सुचला होता.

बहुतेक रुग्णांचं हृदय मात्र जागेवरच राहतं. पंप डाव्या कप्प्याला हात देतो. खरा घोळ होतो तो सोनोग्राफीत. ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२मध्ये ताऱ्यांच्या रंगांसाठी मांडलेल्या तत्त्वावर रक्ताचा वेग मोजतात. निरोगी धमनीत दर ठोक्याला उंच सुळका दिसतो. पंपवाल्याच्या धमनीत बसकी, जवळजवळ सपाट रेघ. एरवी अशी रेघ दिसली की हृदयाची झडप अरुंद झाल्याची शंका येते. मानेतल्या धमनीचं आकुंचन ठरवायला सेकंदाला १२५ सेंटिमीटर हा सर्रास वापरला जाणारा आकडाही धडधडत्या हृदयांवरूनच आलेला. सुळकाच नसेल, तर आकुंचन लपून राहू शकतं. म्हणून आकड्यावर न विसंबता धमनीची भिंतच नीट पाहावी लागते.

रक्तदाबाचंही तेच. दंडावरच्या पट्ट्यातली हवा हळूहळू सोडतात. डॉप्लरमधून रक्ताची पहिली सळसळ ऐकू येते, तो आकडा लिहून घेतात.