गिरणीच्या पट्ट्यापासून गाडीच्या क्लचपर्यंत

गटाच्या बैठकीत गाडीचा विषय निघाला की एक वाक्य आमच्या कानावर हमखास पडतं : "स्कूटी येते हो, पण क्लचची गाडी नको." स्कूटीवरून दुधाची एखादी किटली डेअरीवर जाते. पण शेंगाचटणीचे आणि कडक भाकरीचे खोके सोलापूरच्या बाजारात न्यायचे तर टेम्पो लागतो, पिकअप लागतो. त्यांना बहुतेक वेळा क्लच असतो, गिअर असतात. म्हणजे कमाईची गाडी क्लचच्या पलीकडं उभी आहे. तेव्हा आज या क्लचचा इतिहास पाहू. तो कुठून आला, आणि "त्याला गड्याची ताकद लागते" हे म्हणणं कुठल्या काळातलं आहे?

खरं तर क्लच आपण गाडीत बसायच्या आधीपासून पाहिलेला आहे. इंजिनावर चालणारी पिठाची जुनी गिरणी आठवा. इंजिन धडधडत असतं, पण जातं थांबलेलं. शेजारी शेजारी दोन चाकं असतात, एक सैल आणि एक दांड्याला पक्कं बसवलेलं. पट्टा सैल चाकावर असला की चाक नुसतंच गरगरतं. गिरणीवाला पट्टा हळूच पक्क्या चाकावर सरकवतो आणि जातं फिरायला लागतं. झालं, हाच क्लच! इंजिन बंद न करता काम थांबवायचं आणि पुन्हा जोडायचं, एवढंच त्याचं काम.

सोलापूरला ही युक्ती मोटारीच्या आधीच माहीत होती. १८७७ सालच्या जुन्या गिरणीपासून इथं वाफेवर चालणाऱ्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या. अशा गिरण्यांत एक मोठं इंजिन असायचं, छताखालून लांब दांडा फिरायचा आणि त्यावरून एकेका यंत्राकडं पट्टे उतरायचे. यंत्र थांबवायचं म्हणजे पट्टा सैल चाकावर सरकवायचा. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत बायका कामाला असत. यंत्राशी आपली ओळख नवी नाही, हे इथं नोंदवून ठेवू.

आता जर्मनीत जाऊ. कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या जानेवारीत आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीतही असाच पट्टा होता. तो सैल चाकावरून पक्क्या चाकावर सरकवला की गाडी निघायची. या कारखान्यात लग्नाआधीच पैसा घातला होता तो बर्था या त्यांच्या होणाऱ्या पत्नीनं, स्वतःच्या हुंड्यातून. गाडी तर झाली, पण विकत घ्यायला कोणी पुढं येईना. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्थानं पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना बरोबर घेतलं, नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि मानहाइम गावाहून आपल्या माहेरी, फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. पेट्रोल पंप नव्हतेच. वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन म्हणून चालणारं द्रव घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या लांब पिनेनं मोकळी केली. ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं.

चढावर मात्र गाडीचा दम सुटायचा. मुलं उतरून ढकलायची. घरी परतल्यावर बर्थानं नवऱ्याला सांगितलं, की चढासाठी आणखी एक कमी वेगाचा गिअर हवा. बेंझनं तो बसवला. घाटात आपण जो खालचा गिअर टाकतो, त्याची मागणी करणाऱ्यांत पहिली ही बाई होती. शाळेच्या पुस्तकात कार्ल बेंझचं नाव असतं, बर्थाचं क्वचितच. असो.

पुढं पट्टे गेले, दातेरी चाकं आली. फ्रान्समधल्या पनार-लव्हासॉर कंपनीनं १८९० नंतरच्या काही वर्षांत दांड्यावर दातेरी चाकं सरकवून गिअर बदलायची रीत आणली. आजच्या गिअरपेट्या तिच्याच वंशातल्या. पण त्या सरकत्या चाकांचे दात एकमेकांत बसायला दोघांचा वेग जुळावा लागायचा. नाही जुळला तर कर्र्र असा आवाज आणि दात तुटायची भीती. म्हणून 'डबल क्लच' आला. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, खालच्या गिअरला जायचं असेल तर मध्येच जरा रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. आपल्याकडं पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) धावली. त्या काळातल्या बहुतेक बस आणि ट्रक असेच चालवावे लागत. क्लचची स्प्रिंग ताठ, स्टिअरिंग दगडासारखं जड. काही गाड्या पुढं हँडल मारून सुरू करायच्या, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. "ड्रायव्हिंगला ताकद लागते" हे वाक्य त्या गाड्यांचं आहे. तेव्हा ते खोटं नव्हतं.

यंत्र मात्र तिथं थांबलं नाही. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बटणावर सुरू होणारा स्टार्टर आला. १९२८ मध्ये त्याच कंपनीनं गिअरपेटीत अशी सोय केली, की दात जुळण्याआधी दोन्ही चाकांचा वेग आपोआप सारखा व्हावा. नंतरच्या गाड्यांत हे काम बांगडीएवढी पितळी कडी करू लागली. डबल क्लचची कसरत मोटारीतून गेली. पुढं पॉवर स्टिअरिंग आलं, क्लच हलका झाला. वाक्य तेवढं जुनंच राहिलं.

मोटारीच्या इतिहासात सोलापूरचं एक नाव ठळक आहे, वालचंद हिराचंद. त्यांचा जन्म १८८२ चा, सोलापुरातलाच. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढं फियाट आणि प्रीमियर पद्मिनी बाहेर पडल्या. मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी होती ती हीच. तिचा गिअर खाली जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या बाजूला होता. त्यामुळं पुढच्या सलग बाकावर ड्रायव्हरशेजारी आणखी दोघं दाटीवाटीनं बसत.

आणि बायकांच्या वाट्याला काय आलं? १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांची लुना आली, १९८४ मध्ये कायनेटिक होंडा. दोन्हींत हातानं क्लच दाबायची गरज नाही. या गाड्यांनी बायकांना मोकळं केलं, यात शंका नाही. पण आमच्या मते त्याबरोबर एक वाटणीही होऊन गेली. बिनक्लचची ती बाईची, क्लचची ती गड्याची. ही वाटणी यंत्रानं केलेली नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवली. रेल्वेच्या त्या गाडीला आपल्यासारखा क्लच नसतो, म्हणजे हे जरा विषयाबाहेरचं, पण सोलापूरच्या बाईनं सांगितल्याशिवाय कसं राहावं! त्याच वर्षी एसटीच्या स्टिअरिंगवरही बाई बसली.

आता पायाचं पाहू. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे दहा-पंधरा फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. वेग कमी, जोर जास्त, म्हणून गाडी उभ्यानं निघते. क्लच एकदम सोडला की थांबलेल्या चाकांचं ओझं इंजिनावर एकाच वेळी पडतं आणि ते बंद पडतं. म्हणून गिरणीवाला पट्टा सरकवतो तसा हळूच सोडायचा. गाडीचं नाक किंचित उचलतं, आवाज जड होतो, तिथं क्षणभर पाय थांबवायचा. चढावर मात्र गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवू नका. प्लेट घासून जळते, करपल्याचा वास येतो आणि खर्च मोठा बसतो. हँडब्रेक त्यासाठीच आहे. गिअर बदलून झाला की पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवा.

तुळजापूरहून सोलापूरकडं येताना घाट उतरतो. तिथं डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आपण पाहतो. नव्या गाड्यांत गिअर ठेवून एक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं इंधन बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळत राहतं. आणि गिअर काढला की गाडी धरून ठेवायला फक्त ब्रेक उरतो. तो तापला की धरत नाही. उतार सुरू होण्याआधीच दुसरा किंवा तिसरा टाकायचा, क्लचवरचा पाय पूर्ण काढायचा, आणि इंजिनालाच गाडी मागं ओढू द्यायची.